लॅबमधलं १७ नंबरचं मशीन, पीकेएक्झेक आणि २०२० सालचा पेनड्राईव्ह

टर्मिनलवाला (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज स्वतःचीच फजिती लिहायची आहे म्हणून धागा काढतोय. कमांड वगैरे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, समजून घ्या.

सांगलीतल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. हुद्दा लॅब असिस्टंट, कामं प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईचं पाणी तळमजल्यावर आलं आणि जुनी मशीनं गाळात गेली. पुढच्या वर्षी नवीन ३८ आली, ती पहिल्या मजल्यावर. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या सामसुमीत, मी एका मशीनवर उबुंटू २०.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) बसवलं, जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), जावा, पायथन, मराठी फॉन्ट सगळं घातलं, त्याची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, काढली आणि पेनड्राईव्हवरून ३८ मशीनवर ओतली. ओतताना एक शहाणपणा केला. आपोआप येणारे अपडेट बंद करून टाकले. ३८ मशीनं एकाच वेळी अपडेट ओढायला लागली की ऑफिसची लाईन बसायची, आणि ऑफिसातून फोन यायचा.

जानेवारी २०२२ मध्ये पॉनकिट नावाचं सुरक्षेतलं भोक बाहेर आलं. नंबर सीव्हीई-२०२१-४०३४ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकांची यादी). क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी २५ तारखेला जाहीर केलं की पोलकिट (कोणाला काय परवानगी ते ठरवणारं पॅकेज) यातल्या पीकेएक्झेक या प्रोग्राममधून कुठलाही साधा युजर थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकतो. मी दोन दिवस एकेका मशीनसमोर बसून हाताने अपडेट मारले, वहीत टिक केली. ३८ टिका. वही अजून आहे.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मशीनं तपासत होतो. १७ नंबरच्या मेनूत सुपरटक्सकार्ट! गाड्यांची शर्यत. पोरांच्या खात्याला काहीही इन्स्टॉल करायचा अधिकार नाही. एपीटीची (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडची) हिस्टरी उघडली. सकाळी ११:४२ ला इन्स्टॉल केलेलं. सुडो (रूटचा अधिकार तात्पुरता देणारी कमांड) वापरून कोणी केलं असतं तर खाली 'रिक्वेस्टेड बाय' म्हणून युजरचं नाव येतं. इथे ती ओळच नाही. म्हणजे ज्याने केलं तो सरळ रूट होऊन बसला होता. मग ऑथ लॉग (लॉगिन आणि परवानग्यांची नोंद) चाळला आणि घशाला कोरड पडली. ११:३८ ला पीकेएक्झेकची तक्रार: शेल व्हेरिएबलची किंमत शेल्सच्या यादीत सापडली नाही. पॉनकिट वापरल्यावर बऱ्याचदा मागे राहते ती हीच खूण.

पण मी तर २०२२ मध्येच दुरुस्ती केली होती! वहीत १७ नंबरसमोर टिक आहे!

दोन दिवस मला कळेना. शेवटी पोरगं स्वतःच आलं, घाबरत. तिसऱ्या वर्षाचं. इंटरनेटवरून कोड उतरवला, जीसीसीने कंपाईल केला, चालवला. आत काय आहे त्याला पत्ता नाही. मी विचारलं, १७ च का? म्हणालं, "सर, आधी १६ वर करून बघितलं, तिथं चाललं नाही. १७ वर चाललं."

तेव्हा ट्यूब पेटली. १७ ची हार्डडिस्क २०२३ मध्ये गेली होती. नवीन डिस्क टाकली आणि खणातला तोच पेनड्राईव्ह काढून इमेज ओतली. जून २०२० ची. अपडेट बंद असलेली. भोक होतं तसं परत आलं, आणि वहीतली टिक जागच्या जागी. मग सगळी मशीनं तपासली. २०२२ नंतर इमेज ओतलेली ११ निघाली, अकराच्या अकरा उघडी.

पॅच लावून झाल्यावर ही दुरुस्ती टिकली का, हे तुमच्याकडे कोण बघतं? आणि कसं?

--

भडंग_आणि_चहा

लिनक्सला काही होत नाही म्हणून कोण सांगत होतं इथे मागच्या वर्षी? पॉपकॉर्न नाही, भडंग घेऊन बसलोय.

--

शून्य_ते_नऊ

@भडंग, व्हायरस येत नाही म्हणणारे वेगळे, त्यांना मीही हसतो. पण हा व्हायरस नव्हे. पोराचं खातं आधीच होतं, त्याने साध्या अधिकाराचा मोठा अधिकार केला. डर्टी काऊ नावाचं असंच भोक आठवतंय? २०१६ मध्ये जाहीर झालं, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००७ पासून होतं. विंडोजमध्येही असली भोकं दर काही महिन्यांनी निघतात.

टर्मिनलवाला, ती वही फेकू नका. पण आता प्रत्येक टिकेसमोर इमेज कधी ओतली ती तारीखही लिहा.

--

मास्तरीणबाई_मिरज

मी निवृत्त शिक्षिका, कॉम्प्युटरचं ज्ञान पेन्शनच्या पोर्टलपुरतं. तरी शेवटपर्यंत वाचलं. पण एक कळलं नाही. त्या प्रोग्रामला रूटचा अधिकार मुळात दिलाच का? आणि साध्या माणसाला तो त्याच्याकडून काढून कसा घेता येतो? कोणी माझ्यासारखीला समजेल असं सांगेल का?

--

शून्य_ते_नऊ

बाई, कचेरीतला शिपाई डोळ्यांसमोर आणा. त्याला स्वतःला अधिकार काही नाही, पण साहेबांचा शिक्का त्याच्या हातात. तुम्ही अर्ज द्यायचा, तो नियमात बसतंय का बघणार, बसलं तर शिक्का मारणार. असा शिपाई नसेल तर प्रत्येक बारीक कामाला साहेबांनाच उठावं लागेल. लिनक्समध्ये असल्या प्रोग्रामला सेटयूआयडी म्हणतात. चालवतो कोणीही, पण चालतो रूटच्या अधिकाराने. एलएस -एल (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) केलं की परवानग्यांत जिथे एक्स असायला हवा तिथे एस दिसतो, तीच त्याची खूण. पीकेएक्झेक हा त्यातलाच एक.

आता अर्ज. कुठलाही प्रोग्राम चालवला की त्याला ओळींची एक यादी मिळते. शून्य नंबरच्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव, काम एक नंबरपासून पुढे. पीकेएक्झेक डोळे झाकून एक नंबरपासून वाचायला घेतो. पण कोणी सगळाच कोरा अर्ज दिला, शून्य नंबरची ओळसुद्धा नाही, तर? मेमरीत या यादीला खेटूनच दुसरी यादी असते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगची. शिपाई अर्ज संपलाय हे न बघता शेजारच्या फाईलचा पहिला कागद उचलतो. नुसता वाचत नाही, त्यावरचा पत्ता पूर्ण करून परत तिथेच लिहून ठेवतो. सगळी गोम त्या लिहिण्यात आहे.

कारण कचेरीच्या दारात वॉचमन असतो, एलडी डॉट एसओ नावाचा. सेटयूआयडी प्रोग्राम सुरू होण्याआधी तो झडती घेतो आणि धोकादायक व्हेरिएबल काढून घेतो. पण इथे ती चीजवस्तू आत गेल्यावर शिपायाच्याच हातून तयार होते. वॉचमन काय करणार? पीकेएक्झेक पुढे स्वतः सगळं एन्व्हायर्नमेंट पुसतो खरं, पण मधल्या फटीत काम उरकलेलं असतं.

आता गंमत. त्या फटीतून आत येतं ते जीकॉन्व्ह-पाथ नावाचं व्हेरिएबल. एका अक्षरसंचातून दुसऱ्यात मजकूर बदलायची लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून घ्यायची, हे ते सांगतं. पीकेएक्झेकला चूक झाल्याचा संदेश छापायचा असतो, अक्षरसंच युटीएफ-८ नाही असं भासवलेलं असतं, म्हणून तो बदलायची लायब्ररी आणायला जातो, आणि ती निघते हल्लेखोराची. साहेबांच्या अधिकाराने चालली की संपलं. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये मजकूर आणताना आपण ज्या बदलाबदलीला शिव्या घातल्या, तसल्याच बदलाबदलीच्या सोयीतून रूट मिळतो.

चालणारा कोड इथे टाकणार नाही. व्यनि करून मागू नये.

--

मास्तरीणबाई_मिरज

शिपाई आणि कोरा अर्ज! आता कळलं. वर्गात असता तर शाबासकी दिली असती. मग दुरुस्ती काय केली? शिपाई बदलला?

--

शून्य_ते_नऊ

नाही बाई, शिपाई तोच. अर्जात एकही ओळ नसेल तर काही न बोलता बाहेर पडायचं, एवढीच अट मुख्य ठिकाणी घातली. कोडमध्ये त्यावर टीपही आहे. मतितार्थ असा की जो इतक्या चुकीच्या पद्धतीने बोलावतोय त्याचा हेतू धड नाही, सौजन्य दाखवू नका, निघा.

चूक मात्र पीकेएक्झेकच्या पहिल्या आवृत्तीपासून होती, मे २००९ पासून. जवळजवळ तेरा वर्षं. २०१३ मध्ये रायन मॅलन या प्रोग्रामरने कोऱ्या अर्जाची ही विचित्र वागणूक पीकेएक्झेकचं नाव घेऊन लिहिली होती, फक्त त्यातून रूट कसा मिळवायचा ते त्याला सापडलं नव्हतं. ओपनबीएसडी या वेगळ्या सिस्टीमचं कर्नल कोरा अर्ज मुळातच घेत नाही, म्हणून तिथे हा प्रकार चालत नाही. लिनक्सच्या कर्नलने २०२२ मध्ये, ५.१८ पासून, कोऱ्या यादीत एक रिकामी ओळ स्वतःहून घालायला सुरुवात केली. म्हणजे आता शिपाई विसरला तरी खिडकीवरच अडतं.

--

भडंग_आणि_चहा

एक शंका. धोक्याच्या मोजपट्टीवर पॉनकिटला १० पैकी ७.८ गुण का? थेट रूट मिळतंय तर १० पैकी १० द्या की ओ.

--

शून्य_ते_नऊ

कारण आधी मशीनवर खातं लागतं. बाहेरून नेटवर्कवरून येता येत नाही.

--

टर्मिनलवाला

@भडंग, आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पण सखल भागात राहणारा ४५ ची वाट बघत बसतो का? कॉलेजच्या लॅबमध्ये झाडून सगळ्या पोरांकडे खातं असतं, वर जीसीसी आपणच बसवून दिलेला. त्या ७.८ मधलं जे उणं आहे ते आमच्याकडे लागूच होत नाही. लॅबवाल्याने 'लोकल' या शब्दावर विसंबून झोपू नये. मी झोपलो.

--

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याहून हजेरी. पोवई नाक्याजवळ एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात मशीनं बघतो, सगळं विंडोज. असाच चटका आम्हाला वेगळ्या वाटेने बसला, लिहितो.

२०२१ च्या जुलैत हाइव्हनाईटमेअर निघालं, सीव्हीई-२०२१-३६९३४. पासवर्डचे हॅश (सांकेतिक ठसे) ज्या सॅम फाईलमध्ये असतात तिच्यावर साध्या युजरलाही वाचायची परवानगी राहून गेली होती, विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून. चालू मशीनवर ती फाईल कुलूपबंद असते, वाचता येत नाही. पण सिस्टीम रिस्टोअरसाठी विंडोज ज्या शॅडो कॉपी काढून ठेवतं, त्यातली प्रत वाचता येते. ऑगस्टच्या अपडेटने परवानगी सुधारली. मी अपडेट मारला, साहेबांना 'झालं' म्हणून सांगितलं.

झालं कुठलं? जुन्या शॅडो कॉपीत जुन्या परवानगीची फाईल तशीच. त्या हाताने पुसायच्या होत्या, मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलं होतं. मी खालपर्यंत वाचलंच नाही. दीड वर्षाने एका मशीनची डिस्क भरली म्हणून बघायला गेलो तर आत जुलै २०२१ ची कॉपी. तुमचा पेनड्राईव्ह, माझी शॅडो कॉपी.

--

कायदेपंडित_नव्हे

सगळे त्या पोराचं कौतुक करताहेत की काय? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ वाचा, परवानगीशिवाय प्रवेश. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज गेम टाकला, उद्या मार्क बदलेल. चौकीत जाऊन यायला हवं होतं.

--

टर्मिनलवाला

साहेब, कलम ६६ मध्ये 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' असंही आहे. गाड्यांची शर्यत टाकून, वर स्वतः येऊन सांगणाऱ्या पोराला चौकीत नेणं मला जमणार नाही. प्राचार्यांना सगळं लेखी दिलं, त्यांनी पोराला आणि मला दोघांनाही बोलावलं. मला जास्त बोलले. बरोबरच होतं.

--

कायदेपंडित_नव्हे

ठीक. पण तो सांगतोय ते खरं कशावरून? गेमशिवाय काही केलं नसेल याची खात्री काय?

--

टर्मिनलवाला

हा प्रश्न मात्र लाखाचा. खात्री नाही. उबुंटूत ऑथ लॉग दर आठवड्याला फिरतो आणि जुने चारच ठेवतो. महिनाभरापलीकडचं दिसतच नाही. शिवाय रूट झालेला माणूस लॉग पुसूही शकतो. ११ पैकी ३ मशीनवर खुणा सापडल्या, उरलेल्या ८ वर नाहीत. नाहीत म्हणजे काही झालं नाही, असं मी धरत नाही.

आणि अजून एक. १७ वर सेटयूआयडीवाल्या सगळ्या फाईली शोधल्या, फाइंडला परवानगी ४००० ची अट देऊन. सुडो, पासडब्ल्यूडी, माउंट, ठरलेली मंडळी आली. आणि त्या यादीत तळाला व्हार/टीएमपी या तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी, म्हणजे लपवलेली, एक फाईल. आकार बघितला, तर हुबेहूब बॅशएवढा (बॅश म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम). बॅशची प्रत, मालक रूट, एस चढवलेला. म्हणजे मी त्या दिवशी नुसता पोलकिटचा पॅच लावून उठलो असतो तरी मागचं दार उघडंच. पोरगं म्हणतं, हे माझं नाही. मला ते खरं वाटतं. म्हणजे त्याच्या आधी कोणीतरी येऊन गेलंय.

--

भडंग_आणि_चहा

आई शप्पथ. भडंग खाली ठेवलं.

--

शून्य_ते_नऊ

मग पॅचचा विषय संपला. रूट दुसऱ्याच्या हातात जाऊन आलेलं मशीन साफ करत बसू नये, कोरं करून नव्याने बसवावं. ११ नव्हे, सगळी ३८. कारण अॅडमिनचा पासवर्ड सगळीकडे एकच असणार. आहे ना?

--

टर्मिनलवाला

आहे. होता.

--

शून्य_ते_नऊ

वाटलंच. ज्याने १७ वर शॅडो फाईल (लिनक्समध्ये पासवर्डचे हॅश जिथे असतात ती, वरची शॅडो कॉपी नव्हे) वाचली त्याच्याकडे हॅश गेला, आणि पासवर्ड फुटला की ३८ च्या ३८ गेली.

आणि तुमच्या त्या इमेजमध्ये पीकेएक्झेक एकटा नाही. जून २०२० चं २०.०४ म्हणजे सुडो १.८.३१, बॅरन सॅमेडिट या भोकाच्या दुरुस्तीच्या आधीचं. सीव्हीई-२०२१-३१५६, २६ जानेवारी २०२१ ला जाहीर झालं. तेही साध्या युजरला रूट करतं, आणि सुडोत २०११ पासून होतं. साध्या खात्यातून सुडोएडिट, मग -एस, मग एक तिरकी रेघ असं चालवून बघा. उत्तर 'युसेज' ने सुरू झालं तर दुरुस्त, 'सुडोएडिट' ने सुरू झालं तर उघडं. पोराच्या हाती पॉनकिट आधी लागलं एवढंच.

--

हळद_यार्ड

मी मार्केट यार्डात अडत दुकानाचं सॉफ्टवेअर बघतो. आमच्या सर्व्हरवर २०.०४ आहे. तपासलं तर पोलकिट ०.१०५ दाखवतंय. त्या वेळी मूळ प्रोजेक्टची ०.१२० आवृत्ती होती म्हणे. म्हणजे मी कायमचा मागे? झोप उडाली राव.

--

शून्य_ते_नऊ

घाबरू नका. उबुंटूसारखे डिस्ट्रोवाले मूळ आवृत्ती बदलत नाहीत, दुरुस्ती तेवढी जुन्यात आणून शिवतात. शेपूट बघा. २०.०४ ला ०.१०५-२६उबुंटू१.२ किंवा पुढचं असेल तर शिवलेलं आहे. नुसत्या पहिल्या आकड्यावरून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये.

--

हळद_यार्ड

शेपूट १.३ आहे. सुटलो. आणि समजा लगेच अपडेट करता येत नसेल, सीझनमध्ये सर्व्हर बंद करता येत नाही, तर?

--

टर्मिनलवाला

तर पीकेएक्झेकवरचा एस काढायचा. सीएचमॉड ०७५५ (परवानग्या बदलणारी कमांड) एवढंच. शिपायाच्या हातातून शिक्का घेतला. मग तो 'मला सेटयूआयडी रूट असावं लागतं' असं कुरकुरतो, आणि त्याच्या भरवशावरच्या खिडक्या, उदाहरणार्थ जीपार्टेड, उघडत नाहीत. सर्व्हरवर त्यावाचून अडत नाही. पण ही तात्पुरती पट्टी. पॅकेज नव्याने बसलं की एस परत येतो, त्यामुळे येणारं पॅकेज दुरुस्त असलं पाहिजे. आणि पोलकिटचा अपडेट मारायला सर्व्हर बंद करावा लागत नाही हो, तो कर्नल नव्हे.

--

जुनं_ते_सोनं

एवढी धावपळ करून नवीन बसवणार, आणि नवीनला नवीन भोकं. ३० जून २०२५ ला सुडोचं काय झालं? सीरूट (प्रोग्रामला वेगळं मूळ फोल्डर दाखवणाऱ्या) पर्यायातून कोणीही रूट. सीव्हीई-२०२५-३२४६३. भोक १.९.१४ पासूनच्या आवृत्त्यांना, १.९.१७पी१ मध्ये बुजवलं. म्हणजे टर्मिनलवाल्यांचं जुनं १.८.३१ त्यातून सहीसलामत, आणि २४.०४ मधलं १.९.१५ त्यात सापडलं. बोला आता.

--

शून्य_ते_नऊ

मुद्दा खरा, निष्कर्ष चुकीचा. २४.०४ ला त्याची दुरुस्ती लगेच आली. २०.०४ ची साधी मुदत मे २०२५ ला संपली, पुढचं भोक निघालं की शिवायला उबुंटू प्रो या वाढीव मुदतीच्या सेवेचं कनेक्शन जोडावं लागतं. जुन्या गाडीला नवीन गाडीचा रोग होत नाही हे कबूल, पण तिचे पार्ट मिळायचे बंद झालेत.

--

जुनं_ते_सोनं

गाडीचं उदाहरण मला देऊ नका, माझी एम८० अजून चालते. बाकी सहमत.

--

टर्मिनलवाला

शेवटचा प्रतिसाद, मग कामाला लागतो. खरं म्हणजे लागून झालंय.

दोन शनिवार-रविवार गेले. ३८ ही मशीनं कोरी करून २४.०४ बसवलं. आपोआप येणारे सुरक्षा अपडेट चालू ठेवलेत. लाईन बसू नये म्हणून कोपऱ्यातल्या एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी टाकलं. एक मशीन बाहेरून उतरवतं, ३७ त्याच्याकडून घेतात. ही युक्ती २०२० मध्ये सुचली असती तर हा धागा निघाला नसता. अॅडमिनचा पासवर्ड प्रत्येक मशीनला वेगळा. रोज रात्री प्रत्येक मशीन आपल्या सेटयूआयडी फाईलींची यादी आणि पोलकिट, सुडोची आवृत्ती कोपऱ्यातल्या मशीनला पाठवतं, सकाळी चहाआधी मी फरक बघतो. वही बंद.

इमेज आता ठेवतच नाही. डिस्क गेली की त्या दिवशीचं ताजं इन्स्टॉल, वरून स्क्रिप्टने जीसीसी, जावा, फॉन्ट. अर्धा तास जास्त जातो.

पोरगं दोन्ही शनिवारी आलं होतं, मीच बोलावलं होतं. मशीनं उचलली, केबली ओढल्या, आणि त्याने वापरलेल्या कोडची ओळन् ओळ माझ्यासमोर बसून समजून घेतली. कोऱ्या अर्जापाशी आल्यावर म्हणालं, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

पेनड्राईव्ह हातोडीने फोडला. तेवढ्यात विभागप्रमुख आत आले आणि म्हणाले, "अहो, त्याची एक कॉपी तुम्हीच मला दिली होती की, लॉकडाऊनमध्ये. कपाटात आहे कुठेतरी. आणि एक बहुतेक शेजारच्या ज्युनियर कॉलेजवाल्यांनी नेली होती."

उद्या सकाळी ज्युनियर कॉलेजात जातोय. त्यांच्याकडे २४ मशीनं आहेत.